न आपटलेला खूर

संध्याकाळी बरोबर पावणेसहा वाजता, डोंगराखालच्या कारखान्याचा भोंगा वाजत असताना, ओढ्याकाठी एका हरणीच्या नाकात बिबट्याचा वास शिरला. मुलांनो, पुढचे सगळे वाईट त्या घटकेपासून सुरू झाले, म्हणून वेळ आधीच सांगून ठेवते.

ही हरणी त्या जंगलात नवीन होती. तिच्या जुन्या रानातले पाणी आटले, तेव्हा एकुलत्या पाडसाला घेऊन ती इकडे आली. इथे तिला ना कळप, ना कुणी ओळखीचे. पाडसाचे पाय अजून लटपटत होते. धावून जीव वाचवायचे त्याचे वय नव्हते. कुणी लक्ष ठेवले तरच ते जगणार होते, आणि या काळजीने तिचा डोळ्याला डोळा लागत नसे.

त्या जंगलात कामाची एक रीत होती. ओढ्याकाठच्या मोठ्या उंबरावर वानरांची टोळी राही. वानरांना उंचावरून लांबचे दिसते, हरणांना वाऱ्यावरचा वास आधी कळतो. शत्रू दिसला की वानरे जोराने खाकरत. वास आला की खाली चरणारी हरणे पुढचा खूर दाणदाण आपटत. वानरांच्या हातून सांडलेली उंबरे हरणांनी खावीत, आणि वानरे पाण्यावर उतरण्याआधी हरणांनी ओढा हुंगून यावा, असे त्या दोघांचे चाले. पण यंदा वणव्यानंतर जुनी हरणे डोंगरापलीकडे गेली होती आणि उंबराखालची जागा रिकामीच होती.

म्हणून टोळीतली म्हातारी वानरीण हरणीला पाहून खाली आली. "बरं झालं आलीस, पोरी. आम्हाला खाली नाक नव्हतं," ती म्हणाली. "थोडे दिवस इथेच बस. तुझा खूर आमच्या पोरांच्या कानात बसू दे, आमचं खाकरणं तुझ्या लेकराच्या कानात बसू दे. त्याशिवाय काही खरं नाही."

हरणी हो म्हणाली. पण दुसऱ्याच दिवशी तिला कोल्हा भेटला. या कोल्ह्याला एकच हौस होती, याला सगळे ओळखतात असे चार जणांनी म्हणावे. तो म्हणाला, "वहिनी, म्हातारीपाशी बसून उंबरं मिळतील, दुसरं काय? नव्या जागी मोठ्यांच्या ओळखी लागतात. गव्याशी तुमची ओळख आहे हे कळलं, की बिबट्या तुमच्या वाटेला जाणार नाही." हरणीला ते पटले. एकटीला कुणीतरी मोठे पाठीशी असावे, असे कुणाला वाटत नाही?

मग कोल्ह्याने तिला मान किती लववायची ते शिकवले. मोराच्या पिसाऱ्याचे कौतुक कसे करायचे, सांबराच्या शिंगांकडे बघून काय बोलायचे, तेही शिकवले. रोज नव्या ठिकाणी जायचे, नाव सांगायचे, नमस्कार करायचा आणि पुढे निघायचे. जाताना ती पाडसाला उंबराखाली ठेवी आणि बजावे, "वरचे खाकरले की गवतात दडायचं. वर शांत असलं की खुशाल बसायचं." स्वतः मात्र ती तिथे एक दिवस बसली नाही. एक तरणे वानर तिला वरून चिडवी, "काय काकू, आज कुणाच्या शेपटीला नमस्कार करून आलात?" ती ऐकून न ऐकल्यासारखे करी.

त्या संध्याकाळी ती कोल्ह्याबरोबर गव्याकडेच निघाली होती, आणि वास आला. ताजा होता. सवयीने तिचा पुढचा पाय वर उचललाही गेला.

"इथे धूळ उडवत बसलात तर गवा उठून जाईल," कोल्हा म्हणाला. "आणि वानरांना डोळे आहेत की."

हरणीने पाय हळूच खाली ठेवला.

गवा रवंथ करत होता. त्याने मानही वळवली नाही. परत येईपर्यंत अंधारून आले, वानरे झोपली होती. आता कुणाला उठवायचे, सकाळी सांगू, असे म्हणून तिने आपले पाडस तेवढे उठवून नेले आणि दूर करवंदीच्या जाळीत त्याला कुशीत घेऊन झोपली. म्हणजे धोका आहे हे तिला कळत होते, बघा. आपल्यापुरते कळत होते.

पहाटे वानरे पाण्यावर उतरली. रीतीप्रमाणे म्हातारी सगळ्यांत पुढे. खालून खूर वाजला नव्हता, तेव्हा ओढा मोकळा आहे असे तिने धरले. बिबट्याने झडप घातली. ती कशीबशी सुटली, उंबरावर चढली आणि दोन फांद्यांच्या बेचक्यात गतप्राण झाली. बाकीची टोळी खाकरत खाकरत ओढ्यापलीकडे पळाली. हरणीने तो कल्ला ऐकला. पण ते खाकरणे तिच्या कानात कधी बसलेच नव्हते. तिला वाटले, वानरांची आपसांत भांडणे जुंपली आहेत.

उजाडल्यावर सांबराला भेटायची घाई होती. वारा उलटा होता, वास येईना, म्हणून बिबट्या निघून गेला असे तिने धरले. तिने पाडसाला नेहमीच्या जागी सोडले आणि वर न बघताच म्हणाली, "आजी, लक्ष असू दे हं." उत्तराला ती थांबली नाही.

वर अगदी शांत होते. म्हणून पाडस खुशाल बसले. उपाशी बिबट्या अजून गवतातच होता.

हरणी परतली तेव्हा गवत चेंगरलेले होते आणि घळीकडून पाडसाचा आवाज येत होता. तिने कोल्ह्याला गाठले. तो म्हणाला, "मी ओळख करून देतो, वहिनी. पुढचं ज्याचं त्याने बघायचं." ती गव्याकडे धावली. ऊर फुटेस्तोवर सांगू लागली. गव्याने रवंथ थांबवून मान वळवली.

"कोण गं तू?" तो म्हणाला.

ती वळून घळीकडे धावली, तोवर आवाज थांबला होता.

दुपारी ते तरणे वानर म्हातारीला शेवटचे बघायला उंबरावर आले. खाली हरणी उभी होती. आज त्याने काकू म्हणून चिडवले नाही. "काल तुला वास आला होता?" एवढेच विचारले.

"आला होता," हरणी म्हणाली.

वानर वळले आणि ओढ्यापलीकडे निघून गेले. टोळी त्या उंबरावर पुन्हा आली नाही. हरणी मात्र तिथेच राहते. आता पान हलले तरी ती खूर आपटते. वर ऐकायला कुणी नाही.

तात्पर्य : नाव सांगून नमस्कार केला म्हणजे ओळख झाली असे नाही. ज्यांच्याबरोबर काम करायचे त्यांच्याजवळ बसावे, त्यांची हाक ओळखावी, आणि आपल्याला कळलेला धोका त्यांना त्याच वेळी सांगावा. मुलांनो, तुमच्या घरचे किंवा शेजारचे कुणी नवीन गावी कामाला निघाले असेल, तर ते गाडीत बसायच्या आधी त्यांना ही गोष्ट सांगा, आणि त्यांनाही पुढे सांगायला सांगा.