पौषातली वीज

“…पण मला न विचारता तिला बोलावलंतच कशाला, माय?”

“मठ माझा, चूल माझी. माझ्याकडे लसूण सोलायला कुणी बसायचं, ते तुला विचारू होय?”

उंबरकर पुन्हा खाली बसले. मोठ्या विद्युतवाहिन्यांचे इंजिनिअर. तरुणपणापासून येसूमायच्या पायाशी बसत आलेले.

येसूमायचं डोकं सकाळपासूनच फिरलं होतं. पौषात आभाळ आलं, एकदाच कडाडलं आणि अख्ख्या डोंगराची वीज गेली. तेव्हापासून गिरणी बंद, मठात पिठाचा डबा रिकामा. त्यात हा शहाणा लाइन बघायला आला, आणि आपली पोरगी चुलीपाशी आहे कळताच मागच्या वाटेनं सटकायला निघाला.

“वैजूला सातवा महिना आहे,” माय म्हणाली. “पहिलं बाळंतपण. तू ‘घरी ये’ म्हणतोस का, एवढंच ऐकायला आलीय. नाहीतर दुपारच्या एस.टी.नं परत सासरी.”

“मी कुठे नाही म्हटलंय?”

“ये तरी कुठे म्हटलंस?”

“तिलाच विचारा, मी एक शब्द तरी वाकडा बोललो का. शेवटच्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडलं, रोपवाटिका काढते म्हणाली. दुसऱ्या बापानं घर डोक्यावर घेतलं असतं. मी फक्त ‘बरं’ म्हटलं.”

“मग?”

“मग काही नाही.”

“आणि तिचा फोन आला की?”

“हिच्या हातात देतो.” उंबरकर जरासे हसले. “मी राग जिंकलाय, माय. नाहीतर तुमच्यासारखं दिवसातून दहा वेळा…”

त्यांनी जीभ चावली.

खोटं नव्हतं ते. माय दूध उतू गेलं म्हणून रागवायची, मांजरावर रागवायची, देवावरसुद्धा. आणि घटकाभरात त्याच मांजरापुढे साय ठेवायची.

“पुरे तुझं पुराण,” ती म्हणाली. “दिवे कधी लागतील ते सांग.”

या विषयावर मात्र साहेब खुलले. पिशवीतून त्यांनी तारेचा तुकडा काढला. पदर वितळून एकमेकांत लोळागोळा झालेले.

“ही टॉवरच्या डोक्यावरची. आभाळातली वीज हिनं झेलायची आणि जमिनीत सोडायची. हीच जळाली, तुटून खालच्या तारांवर पडली.”

“पावसाळाभर विजा झेलल्या की तिनं. तेव्हा नाही जळाली ती?”

“त्या विजा वेगळ्या. कडकडाट करतात, पुन्हा पुन्हा येतात, पण बहुतेक क्षणात सुटतात. तार तापायच्या आत गेलेल्या असतात. थंडीतली तशी नाही. ढग खाली टेकलेला, आवाज एकदाच. माणसाला वाटतं, झालं, संपलं. पण ती सोडत नाही, माय. धरून राहते. त्या धरून राहण्यानंच…”

ते थांबले. तुकडा हातातच राहिला.

आतून भांड्यांचा आवाज आला.

माय त्यांच्याकडे बघत होती.

“बरं,” ती म्हणाली.

आणि तोंड फिरवून जपमाळ ओढू लागली.

“म्हणजे… दुरुस्तीला उद्याचा दिवस लागेल.”

माय काही बोलली नाही.

“पीठ हवं असेल तर गाडीतून पाठवतो.”

काही नाही.

उंबरकर बसल्या जागी चुळबुळले. इतक्या वर्षांत मायनं त्यांना गाढव म्हटलं होतं, दगड म्हटलं होतं, एकदा तर पायरीवरून खाली हाकललं होतं. पण अशी पाठ कधी फिरवली नव्हती.

“माय, रागावलात?”

…

“माझं चुकलं असेल तर सांगा ना.”

…

“अहो, काहीतरी बोला. शिव्या द्या हवं तर, पण हे असं नका करू…”

आपलाच आवाज कानावर पडला तसे ते दचकले. चुलीपाशी कुणीतरी खोकलं. उंबरकरांनी तिकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मायनं माळ बाजूला ठेवली.

“ऊठ,” ती म्हणाली. “आत जा, आणि पोरीवर एकदाचा चांगला ओरड.”