काळजीचा खटका

अजून उजाडायचा आहे अशा एका काळात, एका डोंगराळ गावात वसुमती नावाची हुशार यंत्रकार राहत होती. माणसाचं दुःख कायमचं संपवायचं, हाच तिचा ध्यास. बारा वर्षं खपून तिने हातात घालायचं एक कडं बनवलं. त्याला दोन खटके होते. पहिल्याने अंगाचं दुखणं थांबे, दुसऱ्याने मनाची काळजी.

ते कडं तिने गावच्या सुईणीला, ठकूआत्याला दिलं. संधिवाताने आत्याची बोटं आखडली होती. पहिला खटका दाबताच ती मुठी उघडून मिटून बघायला लागली.

"अगं, किती वर्षांनी हे हात माझे वाटतायत!"

पुढे आत्याने दुसराही खटका दाबला. कुणाचे दिवस भरत आले की तिला झोप लागत नसे. आता ती गाढ झोपू लागली. वसुमतीला वाटलं, काम फत्ते झालं.

एका सकाळी गावचा सुतार धावत आला. आत्या ओसरीवर शेंगा सोलत होती.

"आत्या, लवकर चला! बायको अडलीय, बाळ आडवं आलंय!"

"येते की. एवढ्या शेंगा होऊ देत."

सुतार रडकुंडीला आला. त्याचा आवाज ऐकून शेजारून वसुमती आली.

"आत्या, अशाने ती जगायची नाही!"

"हो, तसं होईल खरं," आत्या शांतपणे म्हणाली आणि तिने पुढची शेंग उचलली.

वसुमतीची नजर आत्याच्या कड्यावर गेली. "आत्या, दुसरा खटका बंद करू?"

"कर बाई. मला काय त्याचं!"

खटका बंद झाला, तसं आत्याच्या मांडीवरचं सूप खाली पडलं. "अगं बाई! मी बसले कशी?" म्हणत ती अनवाणीच धावत सुटली.

तासभर ती हलक्या हाताने बाळाला फिरवत राहिली. बोटं एकदाही दुखली नाहीत. मुलगी झाली, आईही वाचली. बाहेर येऊन आत्या मात्र ढसाढसा रडली.

"हे कडं काढून टाकू का?" वसुमतीने विचारलं.

"छे गं! बोटांचं सुख राहू दे. फक्त तो दुसरा खटका काढ; काळजी माझी मला हवी."

वसुमतीने दुसरा खटका काढला. "पण आत्या, मग दुःख पुरतं संपणार नाही."

"नाही संपलं तरी कमी केलंस ना? तेवढं पुष्कळ आहे," आत्या म्हणाली आणि बाळंतिणीसाठी खीर करायला निघाली.

यातून घ्यायचं ते एवढंच: यंत्राने वेदना जरूर कमी करावी, पण दुसऱ्यासाठी तुटणारं काळीज हा काही आजार नव्हे.