टिकली गोगलगाय आणि कडू पाणी

वच्छामावशीच्या स्वयंपाकघरात एक काचेची टाकी होती. टाकीत पाणी होतं. पाण्यात दोन गोगलगाई होत्या. ताई होती टिकली. कपाळावरच्या टिकलीएवढीच होती, म्हणून टिकली. भाऊ होता बटण. तो तर आणखी लहान. बाळाच्या झबल्याच्या बटणाएवढा.

एक दिवस टाकीत शेवाळ आलं. हिरवं हिरवं, चिकट चिकट. काचेवरून ओघळलं. मावशीने वाकून पाहिलं. तिला वाटलं, पाण्याला सर्दी झाली. हा त्याचा हिरवा शेंबूड.

पाण्याला कधी सर्दी होते का? पण मावशीला वाटलं, झाली.

मागे मावशीला ताप आला होता. तेव्हाच्या दोन गोळ्या उरल्या होत्या. जंतूंना मारणाऱ्या गोळ्या. मावशीने त्या कुटल्या. कुट कुट कुट. पूड टाकीत टाकली. डॉक्टरांची चिठ्ठी होती, ती डब्यात ठेवली. डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग ती भाकऱ्या थापायला बसली.

शेवाळ मेलं. पण पाणी कडू झालं. कडू कडू, जड जड.

बटणला ते सोसेना. त्याने शिंगं आत घेतली. पाऊल आत घेतलं. शंखाचं दार लावून घेतलं. टप्प.

"बटण, दार उघड," टिकली म्हणाली.

बटण दार उघडेना. आत काहीच हलेना. टिकली फार घाबरली. बटणला गोड पाणी हवं होतं. लवकर हवं होतं. टिकली काच चढली. ओल्या अंगानेच निघाली.

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

वाटेत भेटली बादली.

"बादली बादली, पाणी दे. बटण दार उघडेना."

बादली म्हणाली, "मी रिकामी. नळ मला भरेल, तर मी पाणी देईन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

वर होता नळ.

"नळा नळा, बादली भर. बादली पाणी देईना, बटण दार उघडेना."

नळ म्हणाला, "मी बंद. मावशी मला सोडेल, तर मी बादली भरीन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

चुलीपाशी होती मावशी. थप थप भाकरी थापत होती.

"मावशी मावशी, नळ सोड. नळ बादली भरेना, बादली पाणी देईना, बटण दार उघडेना."

मावशी म्हणाली, "औषध घातलंय गं बाळा. पाणी बदललं तर ते वाया जाईल. चिठ्ठी मला सांगेल, तर मी नळ सोडीन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

फळीवर होता डबा. डब्यात होती चिठ्ठी.

"चिठ्ठी चिठ्ठी, मावशीला सांग. मावशी नळ सोडेना, नळ बादली भरेना, बादली पाणी देईना, बटण दार उघडेना."

चिठ्ठी आतून म्हणाली, "मी कोंडलेली. डबा उघडेल, तर मी मावशीला सांगीन."

टिकली डब्याला म्हणाली, "डब्या डब्या, उघड. चिठ्ठी मावशीला सांगेना, मावशी नळ सोडेना, नळ बादली भरेना, बादली पाणी देईना, बटण दार उघडेना."

डबा म्हणाला, "माझं झाकण घट्ट. मनी मला पाडेल, तर मी उघडेन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

फळीवरच होती मनी मांजर. डोळे मिटून पडली होती.

"मनी मनी, डबा पाड. डबा उघडेना, चिठ्ठी मावशीला सांगेना, मावशी नळ सोडेना, नळ बादली भरेना, बादली पाणी देईना, बटण दार उघडेना."

मनी म्हणाली, "मला झोप आलीय. माशी नाकावर बसेल, तर मी उठेन."

सुळुक... सुळुक...

टिकलीचं अंग सुकत चाललं होतं. तिच्याने चालवेना. तरी ती चालली.

भिंतीवर होती माशी.

"माशी माशी, नाकावर बस. मनी डबा पाडेना, डबा उघडेना, चिठ्ठी मावशीला सांगेना, मावशी नळ सोडेना, नळ बादली भरेना, बादली पाणी देईना, बटण दार उघडेना."

माशीने विचारलं, "बटण कोण गं?"

इतका वेळ हे कुणीच विचारलं नव्हतं.

"माझा धाकटा भाऊ," टिकली म्हणाली, आणि तिला रडू आलं.

माशीने पंख हलवले आणि ती निघाली. गुं गुं गुं.

माशी मनीच्या नाकावर बसली.
मनीने पंजा मारला, डबा पाडला. ठण्ण.
डबा उघडला. चिठ्ठी मावशीपुढे पडली.
चिठ्ठीने मावशीला सांगितलं.

काय सांगितलं? मावशीने एकेक अक्षर लावून वाचलं. "हे औषध फक्त वत्सलाबाईंसाठी. दुसऱ्या कुणालाही देऊ नये." वत्सलाबाई म्हणजे वच्छामावशीच.

मावशीचे हात पिठातच थांबले. तव्यावर भाकरी करपली. "मी पाण्याला दिलं," ती हळूच म्हणाली. "चुकलंच माझं."

मावशीने नळ सोडला. धो धो.
नळाने बादली भरली. भळ भळ.
बादलीने पाणी दिलं. झुळ झुळ.

मावशीने टाकीतलं कडू पाणी काढलं. मेलेलं शेवाळ हाताने पुसलं. गोड पाणी हळूहळू ओतलं. टिकलीला ओल्या बोटावर घेतलं आणि बटणशेजारी ठेवलं.

बटणचं दार बंदच होतं.

दुसऱ्या दिवशी मावशीने पुन्हा थोडं पाणी बदललं. दार बंदच. टिकली जागची हलली नाही.

तिसऱ्या दिवशी पुन्हा थोडं पाणी बदललं. टिकली बसून होती. आणि दार हललं. अगदी थोडं हललं. एक शिंग बाहेर आलं. मग दुसरं शिंग बाहेर आलं.

"ताई," बटण म्हणाला, "तू कुठं गेली होतीस?"

"पाणी आणायला," टिकली म्हणाली.

पाणी निवळलं, दार उघडलं, गोष्ट तुमच्यापाशी पोचली.