तीन पाट्या लीद

पूर्वी श्रीपूर नगरीत दृढसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका कुंभाराच्या घरी जन्मला. नाव सोमिल, पण आळीत सगळे त्याला भिंगरी म्हणत. चाकावर अर्धे गाडगे सोडून तो मुंग्यांची रांग बघायला जाई. आणि एखादी गोष्ट मनात भरली, की ताटातला भात वाळून जाई. 'चाकाने फिरावे, कुंभाराने नव्हे,' असे म्हणून लोक हसत. त्याची बायको उत्तरा मात्र हसत नसे. तिचा त्याच्यावर जीव होता.

एकदा माळ ओलांडून जाणाऱ्या एका तांड्याच्या नायकाने शंभर घागरी सांगितल्या. मातीच्या ढिगात गाढवाच्या लिदीची एक पाटी मिसळायची, ही कुंभारांची रीत. सोमिलने ती मिसळली, विसरला आणि पुन्हा मिसळली. उत्तराने टोकले, तेव्हा त्याचे लक्ष आकाशातल्या घारीकडे होते. तिसऱ्या पाटीला ती रागाने गप्पच राहिली.

भट्टीत जादा लीद जळून बारीक छिद्रे पडलेल्या घागरी पाणी भरताच पाझरू लागल्या. कुंभारांचा ज्येष्ठ नंदिसेन नायकाला आणि सगळ्या आळीला घेऊन दारात आला. "सोमिल, आळीचे नाक कापलेस. आज तुझे चाक पालथे घालतो." चाक पालथे पडले, की त्या घरात पुन्हा माती मळता येत नसे.

ज्येष्ठ बोलत होता आणि सोमिलचे लक्ष भलतीकडेच होते. पाझरत्या घागरींच्या ओळीत ओल्या मातीला पोट टेकून एक कुत्रे सुखाने निजले होते. तो मध्येच उठला, एका घागरीला गाल लावून त्याच घागरीतले लोटाभर पाणी घेऊन आला. "काका, आधी हे प्या."

वैशाखातले ऊन होते. नंदिसेन प्याला आणि त्याने लोटा पुन्हा पुढे केला. "अरे, हे तर खोल विहिरीसारखे गार पाणी!"

नायक लगेच म्हणाला, "फक्त माझ्यासाठी घडव. तुझ्या नावाची पेठ वसवतो."

"माझे मन उद्या कुठे असेल, ते मलाच ठाऊक नाही," सोमिल म्हणाला. "तहान मात्र सगळ्यांना रोज लागते. सगळ्या आळीला घडवू द्या."

"मग कृती सांग," नंदिसेन म्हणाला.

सोमिल डोके खाजवू लागला. त्याला काही केल्या आठवेना.

"तीन पाट्या लीद," उत्तरा म्हणाली. "रागारागाने मोजल्यात मी."

चाक जागच्या जागी राहिले. त्या उन्हाळ्यात नगरात दारोदारी गार पाणी होते.

ध्यानाला बसून दहादा उठणाऱ्या एका भिक्खूला संघ हसला, तेव्हा भगवंतांनी ही कथा सांगितली. ते म्हणाले, "नंदिसेन म्हणजे आज सर्वांत मोठ्याने हसलेला भिक्खू. उत्तरा म्हणजे या दहादा उठणाऱ्याचे विसरलेले भिक्षापात्र रोज मुकाट्याने आणून देणारा सोबती. आणि ज्याला भिंगरी म्हणून हसत, तो कुंभार मीच. भिरभिरत्या मनाला गवसले ते मुठीत न धरता वाटून टाकले, हीच माझी दानपारमिता, दानाची परिपूर्णता."

मग कोणी हसले नाही.