आभाळशेंडीची सुईण

फार वर्षांपूर्वी, आभाळ अजून एवढं वर सरकलं नव्हतं तेव्हाची गोष्ट. मुलखातलं सर्वांत उंच शिखर आभाळशेंडी. ढगसुद्धा त्याला वळसा घालून जायचे. त्याच्या पायथ्याला ठमाबाई सुईण राहायची. अडलेल्या गायी दावं तोडून तिच्या दारात येत, असं म्हणतात.

एका साली सगळं पाणी आटलं. दुसऱ्या दिवशी गाव सोडून नदीकाठी जायचं ठरलं. ठमाबाईची सून मंजुळा दिवस भरलेली. पोर वाटेत कुठल्या धोंड्याला टेकून बाळंत होणार, या विचारानं सासूला घास उतरेना.

तेवढ्यात डोंगर कण्हला.

"दरड सरकतेय," पाटील म्हणाला.

ठमाबाईनं कान दिला. कण्हणं यायचं, थांबायचं, पुन्हा यायचं. "दरड नाही, पाटील. कळा आहेत."

"मग बारशाच्या घुगऱ्या आमच्याकडं पोचवा हो."

गाव हसलं. ठमाबाईनं पदर खोचला, तेलाची वाटी उचलली आणि शिखर चढायला लागली. गंमत बघायला गावही मागोमाग निघालं.

माथ्याखाली कातळाला भेग होती. तिनं हाताला तेल चोळलं, तो खांद्यापर्यंत आत घातला आणि जागीच थिजली. आतून कुणीतरी इवल्या मुठीत तिचं बोट धरलं होतं. कातळाला घाम फुटला. पाटलाचा विडा तोंडातच राहिला.

"आडवं आहे," ठमाबाई म्हणाली. मग कातळाला गाल लावून हळूच बोलली, "बाई, एक कळ दे. माझी सून घरी दिवस भरून बसलीय गं."

डोंगरानं कळ दिली. मुलूखभर फडताळांतली भांडी कोसळली. तिचा हात बाहेर आला आणि त्याच्या मागोमाग पांढरंशुभ्र पाणी, टाहो फोडत. ते तिच्याआधी घरी पोचलं. मंजुळाच्या बाळाची पहिली अंघोळ त्याच पाण्यानं झाली, असं म्हणतात. गावाला नदीकाठी जावं लागलं नाही. घुगऱ्या पाटलानंच शिजवल्या. ठमाबाईचा तो हात मात्र पुढं कधी वाळला नाही, भर उन्हाळ्यातही टपटपायचा.

अजूनही पाऊस लागला की सव्वा महिना त्या शिखरावर कुणी पाऊल ठेवत नाही. माथ्यावर ढग बसला की बाया म्हणतात, बाळंतिणीनं डोकं बांधलं. आणि गावात कुणाला कळा लागल्या की आधी उंबऱ्याबाहेर तेलाची वाटी ठेवतात. बाळ रडलं की ती आत घेतात. तेल कमी झालेलं असतं. मांजर प्यालं म्हणावं, तर वाटीवर ओली बोटं उमटलेली असतात.