वारुळातली रिकामी जागा

माळाला अजून नाव पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. तिथल्या वारुळात वाळवीची कुटुंबं इतकी वाढली की अंडी ठेवायलाही जागा उरेना. मधोमध मात्र एक उंच पोकळी रिकामीच होती.

“कारभारी, ही कुणासाठी राखलीय? जावयासाठी?” अंडी कवटाळून एका आईनं विचारलं.

“वाडवडिलांनी का सोडली, मलाही नीट ठाऊक नाही गं,” म्हातारा कारभारी म्हणाला. “बुजवून बघतेस?”

तिनं पोकळी मातीनं बुजवून, त्या मातीत कप्पे करून तिथंच अंडी मांडली. दुपारी सगळं वारूळ गुदमरलं, अंडी सुकू लागली. घाबरून तिनंच माती फोडली, तशी वरून झुळूक आत आली.

संध्याकाळी दुसरं कुटुंब तीच जागा मागायला आलं. ती आडवी उभी राहिली.

“बाहेरच्या अंगाला बांधू या,” ती म्हणाली. “मीही येते.”