दोन ओळी राहिल्या

“पण मनच लागत नसेल, तर माणसानं करायचं काय, चाचा?”

निशिगंधाने हे विचारलं तेव्हा मी दुकानाच्या फळीवर बसलो होतो. मिरजेत तंबोरे करणाऱ्या बाबालालचाचांकडे मी माझा तंबोरा दुरुस्तीला दिला होता, आणि ‘उद्या या’ हे त्यांचं उत्तर घ्यायला रोज जात होतो. तो चौथा उद्या होता.

चाचांनी मान वर केली नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस, चष्म्याच्या एका काडीच्या जागी दोरा. पुढ्यात नव्या तंबोऱ्याचा भोपळा, त्याच्या गळ्यावर लाकडाचं कमळ. पटाशीने ते त्याची एकेक पाकळी कोरत होते.

“कशात लागंना मन?”

“अभ्यासात. दुसरं आहे काय मला?”

निशिगंधा त्याच गल्लीतल्या शिंप्याची मुलगी. शाळेत असताना सुट्टीत चाचांकडे कोरीवकाम शिकायला यायची. हात चांगला, डोकं त्याहून चांगलं, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. इंजिनिअरिंगला कॉलेजात पहिली आली. मग एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेला बसली आणि थोडक्यात हुकली. पुन्हा बसली, पुन्हा हुकली. तिसरी खेप सहा आठवड्यांवर आली होती.

“तेवीस दिवस झाले, पुस्तक उघडलेलं नाही,” ती म्हणाली. “खोलीचं दार लावून नुसती बसते. आई दाराबाहेर चहा ठेवून जाते. दारसुद्धा वाजवत नाही, माझा अभ्यास मोडेल म्हणून.”

“आनि?”

“तो चहा घशाखाली उतरत नाही. खिडकीतून कर्दळीत ओतते.”

चाचांनी भोपळा जरा फिरवून पुढची पाकळी धरली.

“यंदा परीक्षा द्यायची नाही, असं ठरवलंय. आज घरी सांगणार. आधी तुम्हाला सांगितलं.”

एवढं बोलून ती रडायला लागली. मला कुठे बघावं ते कळेना, म्हणून मी छताला टांगलेले भोपळे मोजू लागलो. चाचा आपले पाकळी कोरत राहिले. मला त्यांचा रागच आला. पोरगी रडतेय आणि हे लाकूड खरवडतायत!

रडणं ओसरल्यावर तिने नाक पुसलं. “तुमचं लागतं का हो रोज मन?”

“न्हाई.”

“साठ वर्षं करताय की!”

“साठ वर्षं दुकान उघडताना वाटतंय, कुलूप गंजून बसलं असतं तर बरं झालं असतं.”

ती रडता रडता हसली. “मग काम कसं होतं?”

चाचांनी पटाशीवरचा भुसा फुंकला. “तू अभ्यास कसा करतीस?”

“एक धडा घेतला की घेतला. संपवल्याशिवाय उठत नाही,” ती ताठ होत म्हणाली. त्या अवस्थेतही तिला त्याचा अभिमान होता. “आजवर कधी धडा अर्धा टाकून उठलेली नाही मी.”

“म्हनून बसत न्हाईस.”

“म्हणजे?”

चाचांनी पटाशीने तिच्या पिशवीकडे खूण केली.

“पिशवीत वही हाय न्हवं? काढ. कर एखादं गनित.”

“आता? इथं?”

“मला एकट्याला काम करायचा कंटाळा आलाय.”

वही होतीच. लायब्ररीत जाते असं घरी सांगून ती वही घेऊन निघायची आणि गणपती तळ्याच्या कट्ट्यावर बसून परत यायची. तिने ती रागारागाने काढली. पेनाचं टोपण दातांनी ओढलं. पहिली पाच मिनिटं तिने समासात नुसते चौकोन काढले.

मग एक ओळ लिहिली. खोडली. पुन्हा लिहिली.

हळूहळू तिने मांडी घातली. ओढणी भुशात लोळत होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. चाचांची पटाशी चालली होती, तिचं पेन चाललं होतं. मी खोकलो तर दोघांनीही माझ्याकडे एकदमच पाहिलं, आणि मी गप्प बसलो.

“आलं...” ती पुटपुटली. “हे इथं घातलं की... अहो, आलंच की!”

तेवढ्यात मशिदीत असरची, तिसऱ्या प्रहरची अजान झाली.

चाचांनी पाकळीच्या अर्ध्यातच पटाशी उचलली. मग हात लांब केला आणि निशिगंधाच्या बोटांतून पेन काढून घेतलं.

“चाचा! दोनच ओळी राहिल्यात!”

“माझी अर्धी पाकळी ऱ्हायली.”

त्यांनी पटाशी हत्यारांच्या पेटीत ठेवली, शेजारी पेन ठेवलं आणि झाकण लावलं. “उद्या ये.”

“उद्या कशाला येऊ? सांगितलं ना, मी सोडतेय म्हणून!”

चाचा कमळावर फडकं टाकत होते.

मी खिशातलं माझं पेन पुढे केलं. चाचांनी माझ्याकडे फक्त पाहिलं. मी ते मुकाट्याने परत खिशात घातलं. माझा तंबोरा त्यांच्या ताब्यात होता.

निशिगंधा संतापली होती. “लहानपणापासून बघतेय. अजान झाली की जिथं असेल तिथं सोडून उठायचं. आणखी दहा मिनिटं बसलं की पाकळी पुरी होते, पण नाही! मला वाटायचं, चाचा आळशी आहेत.”

“तसं आमचं अब्बापन आळशीच.”

चाचा फडक्याची टोकं खोचू लागले.

“अब्बा गेले तवा मी ठरवलं, हत्याराला हात लावायचा न्हाई. दीड म्हैना दुकान बंद. मग एक दिस आलो, नुसतं झाडून काढावं म्हनून.” चाचांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “त्यांच्या शेवटच्या तंबोऱ्यावर अर्धी पाकळी तशीच होती.”

“मग?”

“मग काय... अर्ध्या पाकळीकडं मानूस किती वेळ बघत बसनार?”

ते हातपाय धुवायला आत गेले. निशिगंधा थोडा वेळ त्या बंद पेटीकडे पाहत राहिली. मग वही पिशवीत कोंबून, माझा निरोपही न घेता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी माझा पाचवा उद्या घ्यायला सकाळीच गेलो. दुकान उघडायचं होतं. पायरीवर निशिगंधा बसली होती, वही मांडीवर घेऊन.

चाचा किल्ल्या वाजवत आले. तिला पाहून त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

“माझं पेन द्या.”

“घरात पेनं न्हाईत व्हय?”

“आहेत.”

“मग?”

तिने खाली पाहिलं. “उत्तर काल वाटेतच सुचलं. लिहिलं मात्र नाही... पहाटे त्याच्यापायीच जाग आली.”

चाचांनी कुलूप काढलं. “घरी सांगितलंस?”

“आईला तेवीस दिवसांचं सांगितलं.” ती थांबली. “तिला माहीत होतं, चाचा. कर्दळीला मुंग्या लागल्यात म्हणाली. रोज बघत होती. तरी रोज चहा ठेवत होती, साखर घालून.”

तिच्या डोक्यावरून चाचांनी एकदा हात फिरवला. भुशाने कोरडा पडलेला तो हात केसांत जरा अडकला. मलाही गलबलून आलं, ते कबूल करायला मला लाज वाटत नाही.

“आनि परीक्षा सोडनार ते?”

“ते नाही सांगितलं.”

त्यांनी पेटी उघडून पेन तिच्या हातात दिलं. तिने उभ्या उभ्याच दोन ओळी लिहिल्या, खाली रेघ मारली आणि पान उलटलं. मग फळीवर माझ्या शेजारी बसून तिने पुढचं गणित काढलं.

चाचांनी कमळावरचं फडकं काढलं. काल जिथे थांबली होती, नेमकी तिथेच पटाशी टेकवली.

तिचं आणखी एक पान उलटून झालं.

“चाचा...” तिने वहीतून डोकं न काढताच विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता. “आणि तिसऱ्यांदाही नाही झालं तर?”

पटाशी थांबली. चाचांनी दारातून बाहेर पाहिलं. ऊन अजून पायरीवर यायचं होतं.

“अजान व्हायला अजून लई वेळ हाय, पोरी.”